दोन ते आठ

अशोक चौकातून आत वळलं की तिसरा बोळ.
खाली टॉवेलचे माग, वर माझा दवाखाना.
माग चालू असले की फरशी पायांखाली बारीक कापते,
स्टेथोस्कोपात आधी खटाखट येते, मग बाळाचं हृदय.
सव्वीस वर्षांत दोन्ही वेगळं ऐकू येऊ लागलंय.

बुधवार लसींचा.
आल्याआल्या मी फ्रिज उघडत नाही,
दारावरचा आकडा वाचते, वहीत लिहिते.
दोन ते आठ, त्याच्या आत हवा.
या फ्रिजात दूध नाही, आमरस नाही,
कंपाउंडरचा शेंगाचटणीचा डबा एकदा सापडला होता,
तेव्हापासून शमीम सिस्टर किल्ली कनवटीला लावतात.

त्या बुधवारी आकडा चौदा होता.
मे महिना. रात्री कधीतरी वीज गेलेली,
पहाटे आली, आणि फ्रिज निर्लज्जासारखा गुणगुणत होता.
कुपीवर एक वर्तुळ असतं, वर्तुळात चौकोन.
चौकोन फिका, तोवर लस शाबूत.
पोलिओचा चौकोन वर्तुळात विरघळून गेला होता.
बाकीच्यांचं खात्रीनं सांगता येईना,
आणि मला खात्रीच हवी होती.

जिन्यावर अकरा आया.
सगळ्यांत पुढे ललिता म्याकल, साडेतीन महिन्यांची चरिता खांद्यावर,
विड्यांचं सूप घरी अर्धं टाकून आलेली.
मी म्हटलं, आज नाही.
"रंगच बदललाय ना थोडा? टोचा की, मॅडम.
आजचा रोज बुडलाच माझा."

काय सांगणार होते?
टोचलं असतं तर चरिता रडली असती,
कार्डावर तारीख पडली असती,
ललिता निर्धास्त घरी गेली असती.
ती तारीख खोटी, हे फक्त मला माहीत असतं
आणि पुढे कधीतरी, घटसर्पाला.

मी विचारलं, तुझ्या विड्यांत खराब निघाली तर?
"छाट काढतो चेकर. हातानं मोडून टाकतो, आमच्या डोळ्यांदेखत."
मी कुपी तिच्यासमोर धरली.
ही माझी छाट.
ती हसली नाही.
उतरताना जिन्यात काहीतरी तेलुगूत बोलली,
ते मला कळलं, पण इथे लिहीत नाही.

शुक्रवारी आली. येईल असं वाटलं नव्हतं.
नवा साठा, आकडा चार.
ताप आहे का? मागच्या वेळी काही झालं होतं?
शमीम कुपीवरचं नाव मोठ्यानं वाचतात, तारीख वाचतात,
मग मी तीच दोन्ही परत वाचते.
नवखे विद्यार्थी हसतात आम्हाला, पाढे म्हणता का म्हणून.
हसू देत. एकदा, फार पूर्वी,
माझ्या हातात भलतंच अँप्यूल आलं होतं,
आणि शमीमनं मनगट धरलं होतं.
त्या पकडीचं वळ दिसत नाही, एवढंच.

डाव्या मांडीची बाहेरची बाजू, बरोबर मधोमध.
सुई आत, बाहेर, टोपण न लावता थेट कटरमध्ये.
किंकाळी. "ऊरुको, ऊरुको," ललिता.
आता अर्धा तास इथेच बसायचं.
"पुन्हा अर्धा तास?"
पुन्हा.

ती बाकावर बसते. चरिता हुंदके देत देत झोपते,
खालचे माग तिला जोजवतात.
ललिताची बोटं मांडीवर नुसतीच वळतात,
पान नाही, तंबाखू नाही, दोरा नाही,
विडीमागून विडी.

ट्रेच्या कोपऱ्यात अॅड्रेनलीन असतं.
दर वर्षी त्याची तारीख उलटते,
न फोडताच मी ते टाकून देते, नवं आणते.
हे एवढं एक वाया जावं
अशी माझी रोजची इच्छा.

घड्याळात अजून अकरा मिनिटं आहेत.
ललिता विचारते, "घरी पंखा लावला तर चालेल ना हिला?"
चालेल, म्हणते मी. वीज असली तर.